लाल घोडीचे गुडघे

माझ्या माहेरी मेंढरं बाप्यांची आणि घोडी बायकांची. दिवाळी झाली की आम्ही गाव सोडायचो ते पावसाच्या तोंडाला परत यायचो. अशा फिरत्या मुक्कामाला आमच्यात वाडा म्हणतात. सकाळी बापे मेंढरं घेऊन रानातून जायचे आणि बायका सगळा संसार घोड्यांवर लादून रस्त्याने पुढच्या मुक्कामाला निघायच्या. भांडी, पीठ, अंथरुणं, पालाच्या काठ्या, आदल्या दिवशी जन्मलेली कोकरं, आणि सगळ्यांत वर चालता न येणारं एखादं पोर. दोन्ही बाजूंचं ओझं सारखं नसलं तर घोड्याची पाठ सोलते, मग ते आठ दिवस कामाचं राहत नाही. माझी आई ओझं हातात नुसतं तोलून सांगायची, "हिकडं एक तांब्याभर कमी पडतंय."

मी चौथीपर्यंत सारोळ्याला मामाकडे राहून शिकले. मग धाकटा भाऊ झाला, आई बाळंतपणात अडकली, घोडी धरायला माणूस उरलं नाही, म्हणून मला बोलावून घेतलं. शाळा सुटल्याचं वाईट वाटलं का, असं माझी लेक मला विचारते. वाटलं असेल. पण घोड्यांशी बोलावं लागत नव्हतं, ते मला बरं होतं. माणसांपुढे माझा आवाज आधीपासूनच निघत नाही.

मुक्कामाला पोचलं की ओझं उतरवायचं आणि घोड्याचे पुढचे दोन पाय, मध्ये वीतभर अंतर ठेवून, दोरीने एकमेकांना बांधायचे. घोडं आखूड पावलं टाकत चरत राहतं, पण लांब जात नाही. आमची घोडी शिंगरू असल्यापासून याला सरावलेली. दोरी हातात दिसली की आपणच पाय जवळ आणून उभी राहायची.

लग्न होऊन मी राजगडाच्या पायथ्याला पालीला आले. सासरी मेंढरं आणि शेळ्या आहेत, पण ही माणसं फिरत नाहीत. डोंगरालाच चारतात आणि संध्याकाळी घरी येतात. एक घोडं होतं, ते गवत आणायला. राजगडावर जाणारी माणसं शनिवार-रविवारी आमच्या दारावरून जातात. त्यांची लहान पोरं घोडं दिसलं की बसायचं म्हणून हट्ट करायची. आमचे हे त्यांना बसवून ओढ्यापर्यंत नेऊन आणायचे. लेक तेव्हा दहा वर्षांची असेल. तिने कागदाच्या चिठ्ठ्या करून त्यांवर आकडे घातले आणि पोरांना वाटल्या. चार पोरं झाली की ती घोड्याला सावलीत उभं करायची आणि पाचव्याच्या बापाला सांगायची, "काका, आता त्याची सुट्टी हाय." शहरातली मोठमोठी माणसं गपचूप बांधावर बसून राहायची. मला त्याचं नवल वाटायचं. मला तर त्यांना पाणी हवं का हेसुद्धा विचारता येत नव्हतं.

बारावीनंतर ती म्हणाली, मला बीबीए करायचंय. घरात कुणालाच ते काय हे कळलं नाही.

"कसलं शिक्षाण म्हणायचं ह्ये?" सासूबाईंनी विचारलं.

"धंदा कसा सांभाळायचा त्याचं, आजी."

"कसला धंदा?"

"घोड्यांचा. शहरात लोक घोड्यावर बसायला शिकत्यात. शर्यतीची घोडी असत्यात, त्यांची पैदास करायचे मोठमोठे मळे असत्यात. तिथं सगळं बघायला माणूस लागतं."

"आन् घोड्याला ठावं हाय का तू शिकतीयास त्ये?"

आमचे हे जेवत होते. ते म्हणाले, "शिकू द्या. उद्या मेंढरांचं बी कॉलेज निघंल, मग मीच हेडमास्तर."

सगळे हसले, पण ह्यांनी नाही म्हटलं नाही. तेवढ्यावर ती पुण्याला गेली.

सुट्टीला आली की ती वही घेऊन माझ्याजवळ बसायची. मी भाकरी थापत असताना विचारायची, "आई, वाडा हलवायचा तर कुणी काय करायचं हे कोण ठरवायचं?" मी म्हणायचे, ठरवायचं काय त्यात, ज्याचं त्याला माहीत असतं. "पर नवी सून आली तर? तिला कसं कळायचं?" मी सांगायचे, नव्या सुनेला पहिले आठ दिवस फक्त कोंबड्या आणि कोकरं. घोड्याला हात लावू द्यायचा नाही. मग रिकामं घोडं धरायचं. मग ओझं. ती हे सगळं इंग्रजीत लिहून घ्यायची आणि म्हणायची, आमच्या पुस्तकात ह्याला तीन पानं लागली. एकदा तिने ते वर्गात वाचून दाखवलं आणि माहिती कुणी दिली तिथे 'माझी आई' असं लिहिलं. पोरांनी टाळ्या वाजवल्या, असं तिने घरी येऊन सांगितलं. मी तव्यावरची भाकरी उलटत राहिले.

तिसऱ्या वर्षाला त्यांना सहा आठवडे कुठेतरी जाऊन काम शिकावं लागतं. तिने बऱ्याच ठिकाणी पत्रं धाडली. वरवे बुद्रुकच्या बाजूला, हमरस्त्यापासून थोडं आत, एक बाई घोडेस्वारी शिकवतात. नऊ घोडी आहेत. त्यांनी हिला बोलावलं. बाईंनी सुरुवातीलाच सांगितलं होतं की त्यांना एक कायमचं माणूस हवं आहे, घोडी आणि माणसं दोन्ही सांभाळणारं. सहा आठवडे नीट गेले तर ते काम हिलाच. हिच्या वर्गातल्या बाकी पोरी बँकेत आणि मोबाईलच्या कंपनीत शिकायला गेल्या होत्या. घोड्यांचं असं काम आपल्या बाजूला पुन्हा कधी निघेल, ते सांगता येत नव्हतं. ती फोनवर म्हणाली, "आई, ह्येच पायजे मला. ह्ये गेलं तर मी बी बँकेत."

पाच आठवडे चांगले गेले. कोणत्या घोड्याने किती वेळ शिकवणी केली, नाल कधी बदलली, डॉक्टर कधी येणार, हे सगळं तिने फळ्यावर लिहायला सुरुवात केली. घोड्यांची देखभाल करणारे तिघे होते. त्यांतले दोघे गावच्या जत्रेला गेले, एकच उरला. बाईंना परगावी जायचं होतं. हिने त्यांना विचारलं, माझ्या आईला घोड्यांची सवय आहे, दोन दिवस बोलावू का? बाई हो म्हणाल्या.

मी एसटीने नसरापूरला उतरले, तिथून टेम्पोने गेले. बाई निघायच्या तयारीत होत्या. "या ना आई, चहा घ्या," म्हणाल्या. मी मान हलवली आणि कप घेऊन गवताच्या खोलीमागे जाऊन प्यायले.

तिथली घोडी बघून मी गार पडले. आमचं घोडं माझ्या खांद्याला लागतं. ही माझ्या डोक्यावरून बघत होती. कातडी पातळ, आतल्या शिरा दिसाव्यात अशी. पण अंगावरून हात फिरवला की शेवटी घोडंच. मी शेण काढलं, पाणी भरलं, खरारा केला. लेक म्हणाली, "बघ, तुला काय बी सांगावं लागत न्हाई." ती आत फोन घ्यायला गेली.

त्यांच्यात एक लाल घोडी होती. पूर्वी शर्यतीत पळायची, आता वय झालेलं, लहान पोरांना शिकवायला ठेवलेली. दुपारी मी तिला मागच्या मोकळ्या तुकड्यात चरायला नेलं. थोडा वेळ धरून उभी राहिले. मग पाण्याची टाकी भरून वाहायला लागली. नळ बंद करायला जायला हवं होतं, आणि घोडीचं तोंड रस्त्याकडे होतं. रस्त्यावर सारखे ट्रक. कुंपण एका बाजूला नव्हतं. तिथे एक सुती दोरी पडलेली होती. मी खाली बसले आणि तिचे पुढचे पाय बांधले. विचार असा काही केलाच नाही. हात आपोआप चालले. ती शांत उभी होती, म्हणून मला वाटलं तिला माहीत आहे.

मी पाठ फिरवली आणि तिने पाऊल टाकलं. पाय अडला तशी ती बिथरली, मागच्या पायांवर उठली आणि खाली आली ती दोन्ही गुडघ्यांवर, दगडात. उठायला गेली, पुन्हा पडली. तसला आवाज मी घोड्याच्या तोंडून कधी ऐकला नव्हता.

लेक पळत आली. तिने मला काही विचारलं नाही. सरळ घोडीच्या मानेशी गुडघे टेकले, एक हात डोळ्यावर ठेवला आणि हळू आवाजात बोलायला लागली. मग आवाज न चढवता मला म्हणाली, "आई, खुरपं आण. पाठीच्या अंगानं ये, पायांच्या म्होरनं नको." मी आणलं. "आता काप." मी दोरी कापली. तिने घोडीला लगेच उठू दिलं नाही. श्वास खाली येईपर्यंत तसंच धरून ठेवलं आणि मग उठवलं. दोन्ही गुडघे सोलून लाल झालेले. उजव्यावरचं कातडं लोंबत होतं.

डॉक्टर आले. हाड शाबूत आहे म्हणाले, पण महिनाभर काम नाही. दुसऱ्या दिवशीची पोरांची शिकवणी लेकीने फोन करून बदलली. मग माझ्याकडे आली. मी चाऱ्याच्या पोत्यावर बसले होते.

"बाई उद्या सकाळी येतील. तू काय बी बोलू नको. मी बघते."

"पर म्या बांधली ना."

"आई, मी बघते म्हनलं ना."

खरं सांगायचं तर मला सुटल्यासारखं वाटलं. बाईंच्या पुढे उभं राहून बोलणं मला जमणारच नव्हतं. ती बघते म्हणाली आणि मी तेवढ्यावर गप्प बसले.

सकाळी बाई आल्या. आधी घोडीकडे गेल्या, खाली बसून गुडघे बघितले. मग ऑफिसच्या दारात उभ्या राहून लेकीला विचारलं. मी बादली घेऊन भिंतीच्या या बाजूला होते. सगळं ऐकू येत होतं.

"कशाने झालं हे?"

"माझी चूक आहे, मॅडम. पायांना दोरी बांधली होती."

"तू बांधलीस?"

लेक म्हणाली, "जबाबदारी माझी होती."

"मी ते विचारलं नाही. तू बांधलीस का?"

"हो."

बाई ओरडल्या नाहीत. ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या म्हणाल्या, "मग मी नऊ घोडी तुझ्या हाती कशी देऊ? कॉलेजला पत्र लागतं ते देईन, त्याची काळजी नको. पण कामाचं आता विसर."

लेक "बरं" म्हणाली.

मी बादली खाली ठेवली आणि दारात गेले. म्हणाले, "बाई, म्या बांधली." ते कुणाला ऐकूच गेलं नाही, इतका बारीक आवाज. दोघींनी माझ्याकडे बघितलं, त्यांना वाटलं पाण्याचं काही विचारायला आले. मग मी मोठ्याने म्हणाले, तर ते फारच मोठ्याने निघालं. "म्या बांधली! हिनं न्हाई. ही आत व्हती."

"तुम्ही? का हो?"

"ती रस्त्याकडं चालली व्हती. आमच्यात बांधत्यात. आमची घोडी आपणहून पाय देत्यात. हिला त्ये ठावं न्हाई, ह्ये मला ठावं नव्हतं."

बाईंनी लेकीकडे वळून विचारलं, "मग तू हो का म्हणालीस?"

लेक म्हणाली, "आई किती वर्षं घोडी सांभाळते ते मला माहीत आहे, मॅडम. पण कशी सांभाळते ते इथल्या घोड्यांना चालेल का, हे विचारायचं काम माझं होतं. मी विचारलं नाही. तिला सगळं येतं म्हणून मी तिला काहीच सांगितलं नाही."

"हे खरं आहे. ती तुझी चूक," बाई म्हणाल्या. "आणि खोटं बोललीस ती दुसरी. दोन झाल्या."

मला वाटलं, मी बोलून आणखी वाईटच केलं. पण आता तोंड उघडलंच होतं. मी म्हणाले, "बाई, सोडवली तिनं. डोळ्यावर हात ठिवला. मला पाठीकडनं यायला सांगितलं. म्या एकटी असते तर पायांशी गेले असते, आन् घोडी आणखी फाटली असती." मग घोडीला किती वेळ खाली ठेवलं, कशी उठवली, तेही सांगितलं. एवढं मी परक्या माणसाशी आयुष्यात बोलले नव्हते.

बाई पुन्हा घोडीकडे जाऊन गुडघे बघून आल्या. मग म्हणाल्या, "कामाचं मी आत्ता काही सांगत नाही. घोडीच्या जखमा भरेपर्यंत दोघींनी इथे थांबायचं. मग बघू."

मी तीन आठवडे राहिले. लेकीचे सहा आठवडे मध्येच संपले, तरी तीही राहिली. ह्यांचा फोन यायचा. "शेरडं इचारत्यात, म्हातारी कुठं गेली."

"सांगा, घोडीची चाकरी करती."

"आन् आमची कुणी करायची?"

"सासूबाई हायत की."

जत्रेला गेलेले दोघे परतले. त्यांतला थोरला गुडघे बघून म्हणाला, "काय मावशी, घोड्याला मेंढरू समजलात व्हय?"

"न्हाई बाबा," मी म्हणाले, "घोडंच समजले."

तो हसला आणि त्यानंतर मला रोज चहा आणून द्यायला लागला. चहा मी सगळ्यांत बसून प्यायचे.

जखम दिवसातून दोनदा धुवायची आणि डॉक्टरांचं मलम लावायचं. माझ्या पिशवीत हळदीची पुडी होती. आमच्यात पहिली हळद. पुडी हातात घेतली आणि थांबले. बाईंना जाऊन विचारलं, लावू का? त्या म्हणाल्या, नको, डॉक्टरांनी दिलंय तेवढंच. मी पुडी परत ठेवली. घोडी पहिले चार दिवस मला बघून कान मागे टाकायची. पाचव्या दिवशी टाकले नाहीत. पण मी खाली वाकले की तिचे पाय थरथरायचे, ते शेवटपर्यंत गेलं नाही.

लेकीला कॉलेजात एक मोठा निबंध द्यायचा होता. आधी तिने गिऱ्हाईक कसं वाढवावं यावर लिहायचं ठरवलं होतं. तिने तो विषय सोडला आणि दुसरा घेतला, नवं माणूस कामावर आलं तर पहिल्या दिवशी त्याला काय विचारावं. तिचे सर म्हणाले, फार लहान विषय आहे. ही म्हणाली, लहान असू दे. ती तिथल्या तिघांना आणि मला समोर बसवून विचारायची, तुमच्या गावाला घोडं कसं बांधतात? चंदीचे दाणे आधी की पाणी आधी? घोडं घाबरलं तर तुम्ही काय करता? प्रत्येकाचं उत्तर वेगळं निघालं. एक जण म्हणाला, आम्ही मागचा पाय खुंटीला बांधतो. दुसरा म्हणाला, आम्ही कान धरतो. बाई दारात उभ्या राहून ऐकत होत्या. त्या म्हणाल्या, "अरे, तुम्ही सगळे माझ्याकडे इतकी वर्षं आहात, मला हे माहीतच नव्हतं!"

घोडीला पहिल्यांदा बाहेर फिरवलं, त्या दिवशी बाईंनी लेकीला सांगितलं. तीन महिने राहा. सगळी घोडी थोरल्याच्या हाताखाली, तू शिकवणीच्या वेळा आणि चारा बघ. तीन महिन्यांनी मी ठरवीन.

मी घरी आले तेव्हा ह्यांनी विचारलं, "म्हंजी नोकरी लागली का न्हाई?"

"अर्धी लागली."

"अर्धी म्हंजी कसली? घोड्याच्या म्होरच्या अंगाची का मागच्या?"

सासूबाई हसून हसून खोकायला लागल्या. ते तीन महिने मला फार मोठे गेले. फोन आला की आधी तिचा आवाज कसा आहे ते ऐकायचे. ती कामाचं सांगायची, चारा ओला आला, एक पोर पडलं पण लागलं नाही. ज्याची वाट बघत होतो ते ती काढायची नाही आणि मीही विचारायचे नाही.

एका सकाळी मी शेळ्या घेऊन डोंगराच्या सोंडेवर होते. तिथेच फक्त मोबाईलला रेंज येते. तिचा फोन आला.

"आई, घोडी माझ्याकडं दिली."

"समदी?"

"समदी नऊ. थोरले काका म्हणाले, पोरीला द्या, ती विचारून करती."

मी विचारलं, "आन् गुडघे?"

"केस आल्यात. पांढरे आल्यात दोन्हीवर."

"पांढरेच येणार," मी म्हणाले. "सोललं की तसंच येतंय."

मग ती म्हणाली, शिकवणीची पोरं आलीत, ठेवते. मी बरं म्हटलं. तोवर शेळ्या दुसऱ्याच्या बांधावर चढल्या होत्या. मी त्यांच्यामागे गेले.